वाचकांचे प्रश्न : एकोणतीस वर्षांनंतरचे चौघे

गेल्या अंकातील सदरात व्हॅन डर ग्राफ जनरेटर या ब्रिटिश बँडच्या ‘प्रेझेंट’ या २००५ सालच्या दोन सीडींच्या अल्बमविषयी एक छोटे टिपण दिले होते. ज्या चौघांमुळे हा बँड ओळखला जातो, ते चौघे १९७६ नंतर प्रथमच स्टुडिओ अल्बमसाठी एकत्र आले. प्रोग्रेसिव्ह रॉकमधील (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतातील) आजवरच्या पुनर्मीलनांत हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते, असे विधान त्या टिपणात केले होते. जागेअभावी त्याचा विस्तार करता आला नव्हता. त्यानंतर आलेल्या पत्रांत कुतूहल आहे, शंका आहेत आणि एक-दोन ठिकाणी सरळ मतभेदही आहे. त्यातील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटले की पिंक फ्लॉइड, जेनेसिस, येस ही नावे आठवतात. आपण लिहिलेल्या बँडचे नावही मी ऐकले नव्हते. हा बँड नेमका कोणता, आणि तो पुन्हा एकत्र आला याला एवढे महत्त्व का द्यावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मँचेस्टर विद्यापीठात १९६७ साली पीटर हॅमिल आणि ख्रिस जज स्मिथ या दोन विद्यार्थ्यांनी हा बँड सुरू केला. प्रयोगशाळेत स्थिर विद्युतभार निर्माण करणाऱ्या यंत्राचे नाव त्यांनी त्याला दिले, तेही स्पेलिंगमध्ये थोडी चूक करून. स्मिथ लवकरच बाहेर पडले आणि पुढे हॅमिल (गायन, पियानो, गिटार), ह्यू बँटन (ऑर्गन), गाय एव्हन्स (ड्रम) आणि डेव्हिड जॅक्सन (सॅक्सोफोन, बासरी) असा संच पक्का झाला. या शैलीतील बहुतेक बँडमध्ये गिटारवादकाभोवती सगळे फिरते. येथे ती जागा ऑर्गन आणि सॅक्सोफोन यांनी घेतली, आणि त्यांच्यावर हॅमिल यांचा आवाज, जो एका ओळीत कुजबुजतो आणि पुढच्याच ओळीत किंचाळतो. हा आवाज सर्वांना मानवत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

त्यांच्या १९७१ सालच्या ‘पॉन हार्ट्स’ या अल्बमवर अवघ्या तीन रचना होत्या आणि तबकडीची दुसरी बाजू सुमारे २३ मिनिटांच्या एकाच रचनेने व्यापली होती. मायदेशात त्याला थंडा प्रतिसाद मिळाला, इटलीत मात्र तो विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्या देशाचे दौरे करून करून थकलेला बँड १९७२ साली फुटला, १९७५ साली हेच चौघे ‘गॉडब्लफ’ घेऊन परतले आणि १९७६ साली त्यांनी ‘स्टिल लाइफ’ व ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ हे दोन अल्बम केले. त्यानंतर बँटन आणि जॅक्सन गेले. उरलेल्यांनी व्हायोलिनवादक ग्रॅहम स्मिथ यांना बरोबर घेऊन १९७७ साली आणखी एक स्टुडिओ अल्बम केला आणि १९७८ साली दुकान बंद झाले.

मी जे महत्त्व देतो, त्याचा लोकप्रियतेशी संबंध नाही. हा बँड मोडण्यात आणि जुळण्यात आधीच मुरलेला होता. १९७५ साली परतताना त्यांनी जुनी लांबलचक रचना पुन्हा उभी करण्याचा मोह टाळला होता आणि बाहेरचा निर्माता न घेता अधिक कोरडे, अधिक आटोपशीर संगीत केले होते. तीच वृत्ती पन्नाशी उलटल्यावरही टिकली का, हे ‘प्रेझेंट’मध्ये ऐकता येते. जाता जाता एक गंमत सांगतो. १९७७ साली प्रोग्रेसिव्ह रॉकच्या नावाने बोटे मोडण्यात पंक पिढी आघाडीवर होती, पण त्याच वर्षी सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या जॉन लायडन यांनी लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीची गाणी लावली, तेव्हा त्यांत हॅमिल यांच्या एकल अल्बममधील गाणी होती.

प्रश्न : जुने बँड एकत्र येतात ते पैशासाठी, असा माझा अनुभव आहे. जुन्या चाहत्यांच्या हातात आता पैसा खेळतो, तिकिटे महाग विकता येतात आणि नवा अल्बम हे दौऱ्याचे निमित्त ठरते. हे चौघे त्याला अपवाद होते असे आपण कशावरून म्हणता? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपले निरीक्षण बहुतेक बँडना लागू पडते, आणि पैसे मिळवण्यात काही गैर आहे असेही मी मानत नाही. शिळ्या कढीला ऊत आणण्याचे दौरे मीही आनंदाने ऐकले आहेत. या चौघांच्या बाबतीत मात्र घटनांचा क्रम पाहावा.

बँड बंद झाल्यावर बँटन यांनी ऑर्गन बांधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा व्यवसाय धरला. २००२ साली त्यांनी जर्मन संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले, तेही स्वतः बांधलेल्या ऑर्गनवर. जॅक्सन अपंग मुलांबरोबर काम करू लागले. हवेतील अदृश्य किरणात हात किंवा मान हलवली की स्वर उमटणारे साउंडबीम नावाचे उपकरण त्यांनी या मुलांच्या संगीतासाठी वापरले. एव्हन्स हे ‘एको सिटी’ या गटाबरोबर मुलांच्या मैदानांसाठी भलीमोठी वाद्ये उभारत होते. हॅमिल यांचे एकल अल्बम तर एकामागून एक चालूच होते. म्हणजे चौघांनाही आपापले काम होते, आणि जुन्या नावाच्या आधारावाचून कोणाचे काही अडलेले नव्हते.

मधल्या काळात त्यांच्या गाठीभेटी होत राहिल्या. १९९६ साली लंडनच्या युनियन चॅपलमध्ये हॅमिल आणि एव्हन्स यांच्या मैफलीत उरलेले दोघेही आले आणि चौघांनी एक जुनी रचना वाजवली. २००३ साली क्वीन एलिझाबेथ हॉलमधील हॅमिल यांच्या कार्यक्रमात त्यांनी मिळून ‘स्टिल लाइफ’ हे गाणे सादर केले. मरण नाहीसे झाले तर जगणे कसे असह्य होईल, हा त्या गाण्याचा विषय आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ‘इनकोहरन्स’ हा एकल अल्बम हातावेगळा करताच, हॅमिल यांना हृदयविकाराचा झटका आला.

त्यातून ते सावरले आणि २००४ साली चौघांनी डेव्हन परगण्यातील पायवर्दी या खेड्यातील जुन्या धर्मोपदेशकाच्या घरात मुक्काम ठोकला. व्यावसायिक स्टुडिओ घेतला नाही, निर्माता नेमला नाही, आणि मुख्य म्हणजे कोणालाही कळू दिले नाही. येथेच इतरांचे घोडे पेंड खाते. पुनर्मीलनाची घोषणा आधी होते, तारखा ठरतात, कंपनी आगाऊ रक्कम देते, आणि मग वादक स्टुडिओत शिरतात. तोपर्यंत नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते. येथे संगीत जमले नसते तर चौघे सामान गाडीत घालून घरी गेले असते आणि आपल्याला कधी पत्ताही लागला नसता. अल्बम एप्रिल २००५ मध्ये आला आणि ६ मे रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मैफल झाली. दौरा झालाच आणि पैसेही मिळाले असतील, परंतु ते आधी झालेल्या कामावर मिळाले.

प्रश्न : या बँडमध्ये बास गिटारवादक नाही असे आपण लिहिले आहे, पण माझ्या स्पीकरवर खर्जाचे स्वर स्पष्ट ऐकू येतात. शिवाय एकच सॅक्सोफोनवादक असताना काही ठिकाणी दोन सॅक्सोफोन वाजतात. हे स्टुडिओत एकावर एक चढवलेले ध्वनिमुद्रण आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपले कान तयार आहेत. खर्जाचे स्वर बँटन प्रामुख्याने पायांनी वाजवतात. आपल्याकडे संगीत नाटकांत जी पायपेटी असे, तिच्यात पायांचे काम भाता हलवून हवा भरण्याचे होते; या ऑर्गनमध्ये मात्र पायांखाली लाकडी पट्ट्यांची वेगळी सप्तके असतात आणि प्रत्येक पट्टीला तिचा स्वर असतो. बँडचे बासवादक निक पॉटर १९७० साली अल्बमचे काम अर्ध्यावर असताना सोडून गेले, तेव्हा नवा माणूस शोधण्याऐवजी हे काम बँटन यांच्या पायांकडे आले आणि तिथेच राहिले. स्टुडिओत ते प्रसंगी स्वतः बास गिटारही हातात घेतात, त्यामुळे प्रत्येक खर्ज पायाचाच आहे असे समजू नये.

या व्यवस्थेचा परिणाम संगीताच्या घडणीवर होतो. बास गिटारची तार छेडली की स्वराला आरंभीच एक टोक येते आणि मग तो विरत जातो. ऑर्गनचा खर्ज पट्टी दाबलेली असेपर्यंत तसाच भरलेला राहतो. म्हणून या बँडचा तळ ठोके देत चालत नाही, तो जमिनीसारखा पसरलेला असतो, आणि चालवण्याची सगळी जबाबदारी एव्हन्स यांच्या ड्रमवर येते. ते ताल सरळ धरून बसत नाहीत, गाणाऱ्याच्या वाक्याबरोबर पुढे-मागे होतात. ‘नटर अलर्ट’ ही रचना हेडफोन लावून ऐकावी. समोरच्या माणसाचा तोल आता सुटणार, याची चाहूल लागल्यावर होणारी घालमेल त्यात आहे आणि ड्रम गायकाच्या शब्दांना जणू टोकत राहतात.

दोन सॅक्सोफोनांविषयी सांगायचे तर, जॅक्सन ते खरोखर एकाच वेळी वाजवतात. अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्क यांच्यापासून त्यांनी ही कल्पना घेतली. आल्टो आणि टेनर असे दोन सॅक्सोफोन गळ्यात अडकवायचे, दोन्हींची तोंडे ओठांत धरायची, आणि एकेका हाताने एकेक वाद्य सांभाळायचे. एका सॅक्सोफोनला एरवी दोन्ही हात लागतात. येथे प्रत्येक वाद्याच्या वाट्याला एकच हात येत असल्यामुळे सगळे स्वर हाताशी राहत नाहीत. त्यामुळे जे काही वाजते ते थोडक्या स्वरांचे, एकमेकांना घासणारे आणि किंचित बेसूरपणाच्या काठावरचे असते. एकावर एक ध्वनिमुद्रण करून हे सहज स्वच्छ करता आले असते, पण मग तो खरखरीत पितळी आवाज राहिला नसता.

प्रश्न : पहिली सीडी मला आवडली. दुसरी सीडी दोनदा प्रयत्न करूनही पूर्ण ऐकवली नाही. त्यात गाणी नाहीत, चाली नाहीत, नुसते वाजवत राहणे आहे. एका सीडीचे संगीत दोन सीडींत विकण्याचा हा प्रकार नव्हे काय? आपण तिची स्तुती कशी केलीत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा आक्षेप सर्वाधिक पत्रांत आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. आधी वस्तुस्थिती पाहू. पहिल्या सीडीवर सहा रचना असून त्यांची एकूण लांबी सुमारे ३७ मिनिटे आहे, म्हणजे जुन्या काळच्या एका तबकडीएवढी. दुसऱ्या सीडीवर पायवर्दीच्या मुक्कामात काही न ठरवता केलेल्या वादनातून निवडलेले दहा तुकडे आहेत आणि त्यांची लांबी तासाहून अधिक भरते. केवळ जागा भरायची असती तर जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे जोडणे सोपे होते आणि चाहत्यांना ते अधिक आवडलेही असते.

दुसरी सीडी पहिलीच्या तोडीची आहे, असे माझे म्हणणे नाही. ती सलग ऐकावी, असेही मी कोणाला सुचवणार नाही. ‘आर्किटेक्चरल हेअर’ जवळजवळ नऊ मिनिटे चालते आणि माझ्या मते त्यातील काही मिनिटे चौघे एकमेकांची वाट पाहण्यात घालवतात. आणखी एका वाचकांनी या तुकड्यांची तुलना आपल्याकडील आलापाशी केली आहे, ती मला पटत नाही. आलापाला रागाची चौकट असते, पुढे येणाऱ्या बंदिशीची दिशा असते, आणि एक कलावंत पुढाकार घेत असतो. येथे स्वरांची चौकट ठरलेली नाही आणि पुढाकार कोणाचा हे मिनिटागणिक बदलते.

असे असूनही ती सीडी तिथे असणे मला आवश्यक वाटते, आणि त्याचे कारण हॅमिल यांच्या गप्प राहण्यात आहे. ज्याच्या आवाजावर हा बँड ओळखला जातो, ज्याचे शब्द हाच चाहत्यांचा मुख्य आधार आहे, तो माणूस या तासाभरात एकदाही गात नाही. तो एक वादक म्हणून उरलेल्या तिघांत बसतो, आणि गिटारवादक म्हणून तो या तिघांइतका तयार नाही हेही त्यात लपत नाही. इतक्या वर्षांनी भेटलेल्या वादकांना जुन्या रचनांची उजळणी करणे सर्वांत सोपे असते, कारण तिथे प्रत्येकाला आपली जागा पाठ असते. या चौघांनी उलट मार्ग धरला. कोणाचीच जागा ठरलेली नाही अशा अवस्थेत ते वाजवत बसले, आणि मग गाणी झाली. पहिल्या सीडीवरील ‘बोलियास पॅनिक’ ही जॅक्सन यांची शब्दविरहित रचना ऐकून लगेच दुसऱ्या सीडीवरील ‘व्हल्कन मेल्ड’ ऐकावी. पहिलीत जे बांधलेले आहे, त्याचा कच्चा माल दुसरीत दिसतो. सॅक्सोफोन एखादा तुकडा टाकतो, ऑर्गन तो उचलतो किंवा सरळ दुर्लक्षित करतो, आणि ड्रम कोणाच्या बाजूने जायचे ते ठरवतात.

आपण दोनदा प्रयत्न केलात, तेवढे पुरे आहे. तिसऱ्यांदा करायचाच असेल तर एका वेळी एकच तुकडा ऐकावा, आणि सुरुवात ‘एव्ही मेट’ या सर्वांत छोट्या तुकड्यापासून करावी. तो चार मिनिटांच्या आत आटोपतो.

प्रश्न : ‘एव्हरी ब्लडी एम्परर’ या पहिल्या गाण्याचे शब्द राजकीय आहेत. ते कोणाविषयी आहे? बाकीच्या गाण्यांतही असाच संदर्भ आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : हे गाणे लिहिले गेले तो काळ इराक युद्धाचा होता आणि ब्रिटन त्या युद्धात उतरलेले होते, ही पार्श्वभूमी नजरेआड करता येत नाही. मात्र गाण्यात कोणत्या नेत्याला लक्ष्य केलेले नाही. प्रत्येक सम्राट आपण स्वातंत्र्यासाठीच लढत असल्याचा दावा करतो, सामान्य माणसाशी जवळीक दाखवतो आणि सत्य गुडघ्यांवर आणले जाते, असा त्याचा आशय आहे. न्यायावर आणि माणसाच्या चांगुलपणावर असलेल्या विश्वासावर आपण तगून राहतो, या शांत विधानाने गाणे सुरू होते आणि आवाज हळूहळू चढत जातो. सत्तर सालच्या दशकातील हॅमिल यांनी हाच विषय हाती घेतला असता तर अंतराळ, दीपगृह किंवा राजवाडा यांचे रूपक उभे केले असते. येथे ते सरळ बोलतात, आणि शीर्षकातील ती शिवीही न कचरता उच्चारतात.

इतर गाण्यांत राजकारण फारसे नाही. ‘इन बाबेल्सबर्ग’चे नाव बर्लिनजवळच्या पॉट्सडाममधील त्या भागावरून आले आहे, जिथे जर्मनीतील जुना चित्रपट स्टुडिओ आहे, या अल्बमवर हॅमिल यांची खरबरीत गिटार सर्वांत पुढे येते ती येथे. ‘ऑन द बीच’ या शेवटच्या गाण्यात वय झालेल्या माणसाचा घाई नसलेला सूर आहे. या अल्बमकडून भव्य समारोपाची अपेक्षा ठेवणाऱ्या श्रोत्यांची त्याने निराशा केली असे मी ऐकले आहे, मला मात्र ते गाणे चौघांच्या वयाला शोभणारे वाटते.

प्रश्न : येस या बँडचा १९९१ सालचा ‘युनियन’ हा अल्बम माझ्या संग्रहात आहे. त्यात बँडच्या इतिहासातील आठ दिग्गज एकत्र आले होते. तरीही तो कोणाला आवडत नाही. चौघांना जे जमले ते आठ जणांना का जमले नाही? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : कारण ते आठ जण एकत्र आलेच नव्हते, एकत्र आले ते त्यांचे करार. १९८९ साली जॉन अँडरसन, बिल ब्रुफोर्ड, रिक वेकमन आणि स्टीव्ह हाऊ या चौघांनी आपापल्या आडनावांनीच एक अल्बम काढला, कारण येस हे नाव ख्रिस स्क्वायर, ट्रेव्हर रॅबिन, अ‍ॅलन व्हाइट आणि टोनी के यांच्याकडे होते. पहिल्या गटाच्या दुसऱ्या अल्बमचे काम निर्माता जोनाथन एलायस यांच्याकडे चालू असताना दोन्ही गट जोडण्याची कल्पना निघाली. स्क्वायर यांच्या लॉस एंजेलिसमधील गटाची काही गाणी त्यात घातली गेली आणि वर येसचे नाव आले. आठही जण एकत्र वाजवत आहेत असे एकही गाणे त्या अल्बमवर नाही. पहिल्या गटाच्या गाण्यांत बास टोनी लेव्हिन यांनी वाजवला आणि स्क्वायर यांचा केवळ साथीचा आवाज आला. हाऊ यांच्या गिटारीच्या अनेक जागा जिमी हॉन या बाहेरच्या वादकाकडून पुन्हा वाजवून घेण्यात आल्या, आणि वेकमन यांच्या कीबोर्डचेही तसेच झाले. वेकमन या अल्बमला ‘ऑनियन’ म्हणू लागले, कारण तो ऐकला की डोळ्यांत पाणी येते. याला मराठीत बारभाईंचा कारभार म्हणतात.

तरीही आपली सीडी रद्दीत घालू नका. तिच्यावर हाऊ यांची एकट्याने वाजवलेली ‘मास्करेड’ ही छोटी रचना आहे, जिला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. निर्मात्यांची लुडबुड तिला शिवलेली नाही. त्यानंतरच्या दौऱ्यात फिरत्या मंचावर आठही जण खरोखर एकत्र वाजवत होते, आणि तो दौरा गाजला. अल्बम फसला आणि दौरा जमला, ही पुनर्मीलनांत नेहमी दिसणारी गोष्ट आहे. मंचावर जुन्या रचनांची शिस्त असते, कोरा कागद समोर आला की भांडणे उघडी पडतात.

प्रश्न : डिसेंबर २००९ मध्ये पवईच्या आयआयटीतील मूड इंडिगो महोत्सवात मी पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड ऐकला होता. त्यानंतर बँड थांबला आणि २०२२ साली त्यांचा ‘क्लोजर/कंटिन्युएशन’ हा अल्बम आला. तो आपल्या निकषात बसतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अर्धाच बसतो. तो अल्बमही गुपचूप झाला. २०१२च्या सुमारास गायक-गिटारवादक स्टीव्हन विल्सन आणि ड्रमवादक गॅव्हिन हॅरिसन यांनी सहज वाजवताना त्याची सुरुवात केली आणि कीबोर्डवादक रिचर्ड बार्बिएरी यांच्यासह तिघांनी तो वर्षानुवर्षे हळूहळू पुरा केला. परंतु आपण पवईला ज्यांना पाहिलेत ते बासवादक कॉलिन एडविन त्यात नाहीत. बास विल्सन यांनीच वाजवला आहे. संगीत उत्तम आहे आणि ‘हॅरिडन’ या गाण्यातील बास तर फारच. तरी चौघांपैकी एकाला वगळून झालेल्या या भेटीला मी पुनर्मीलन म्हणणार नाही.

प्रश्न : मग याच न्यायाने ‘प्रेझेंट’नंतरच्या अल्बमांचे काय? जॅक्सन पुढे बँडमध्ये राहिले नाहीत असे वाचले. आणि या बँडशी नव्याने ओळख करून घ्यायची असेल तर कोठून सुरुवात करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बरोबर पकडलेत. २००६ साली जॅक्सन बँडमधून बाहेर पडले आणि उरलेल्या तिघांनी नवा सॅक्सोफोनवादक न शोधता त्रिकूट म्हणूनच पुढे जायचे ठरवले. २००८ सालचा ‘ट्रायसेक्टर’, २०११ सालचा ‘अ ग्राउंडिंग इन नंबर्स’ आणि २०१६ सालचा ‘डू नॉट डिस्टर्ब’ हे अल्बम तिघांचे आहेत. मी त्यांना पुनर्मीलनाचे अल्बम मानत नाही. तो एक वेगळा, अधिक कोरडा आणि काही वेळा अधिक धारदार बँड आहे. जॅक्सन यांच्या जागी कोणी नसल्यामुळे बँटन यांच्या दोन्ही हातांवर आणि पायांवर जो भार आला, तो ‘ट्रायसेक्टर’मध्ये विशेष जाणवतो. थोडक्यात, चौघांचा पुनर्मीलनाचा स्टुडिओ अल्बम हा एवढाच.

नव्याने ऐकणाऱ्यांनी ‘प्रेझेंट’पासून सुरुवात करू नये असे माझे मत आहे. आधी १९७५ सालचा ‘गॉडब्लफ’ ऐकावा. त्यावर चारच रचना आहेत आणि पाल्हाळ नाही. तो मानवला तर ‘स्टिल लाइफ’ घ्यावा. ‘पॉन हार्ट्स’ नंतर कधीतरी, सवडीने आणि घरात दुसरे कोणी नसताना ऐकावा. त्यानंतर ‘रिअल टाइम’ हा अल्बम मिळवावा. ६ मे २००५च्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील ती मैफल २००७ साली या नावाने प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात ‘गॉडब्लफ’मधल्याच पहिल्या गाण्याने होते, आणि नव्या अल्बममधील दोनच गाणी, ‘एव्हरी ब्लडी एम्परर’ आणि ‘नटर अलर्ट’, जुन्या रचनांच्या मध्ये वाजवली आहेत. ती त्या रांगेत कशी वाटतात हे ऐकून मगच ‘प्रेझेंट’ची पहिली सीडी लावावी, आणि दुसऱ्या सीडीविषयीचे माझे मत पुण्याच्या वाचकांना वर सांगितलेच आहे.